मोहोळच्या पेट्यांचा कारागीर

सोलापूर
४ नोव्हेंबर २०२५

ती. धनलक्ष्मीआत्यास,
गुरुराजाचा कृ. सा. न. वि. वि.

फोनवर आपणास ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र. चन्नप्पा अज्जा आणि शरणम्मा अज्जी यांच्या कुलवृत्तांताची छपाई येत्या सोमवारी सुरू होईल. अज्जांच्या मोहोळच्या दुकानातल्या लग्नाच्या अकरा पत्र्याच्या पेट्या मी नातलगांकडे जाऊन भिंगाखाली तपासल्या. १९६१पर्यंतच्या पेट्यांवर हातोडीचे घाव उजव्या हाताचे आहेत, नंतरच्या सर्वांवर डाव्या हाताचे. अज्जा उजवे होते. निष्कर्ष एकच : अखेरची दहा वर्षे त्यांनी परक्याचा माल आपला शिक्का मारून विकला. हे लिहिताना आनंद होत नाही. परंतु आजोबा म्हणून सवलत देणे माझ्या शिस्तीत बसत नाही. त्या कारागिराचे नाव ठाऊक असल्यास कळवावे.

गुडघ्यांना जपावे. या पत्रानंतरही माझ्यावर माया राहावी, ही विनंती.

आपला,
गुरुराज

वळसंग
६ नोव्हेंबर २०२५

चि. गुरुराजास, अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र नातीने, आरोहीने, इतक्या मोठ्याने वाचले की शेजारणीनेही ऐकले. मेलेल्या आजोबांचा पेपर तपासून त्यांना नापास केलेस, शाब्बास! तो परका म्हणजे माझी अव्वा, तुझी अज्जी. अप्पांचा हात कापू लागला तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. अव्वा डावरी. नवरीची पेटी बाईने, त्यातून डाव्या हाताने ठोकली हे कळते, तर एकही पेटी खपली नसती. म्हणून ती मागच्या खोलीत दार लावून ठोकायची. गिऱ्हाईक आले की ती थांबायची आणि पुढे अप्पा रिकाम्या पत्र्यावर टकटक करायचे. जेवताना अव्वा विचारायची, की आज मालकांनी किती पेट्या केल्या. अप्पांना हसून ठसका लागायचा.

तुला पुरावा लागतो ना? अप्पा एकाहत्तरला गेले. एकोणऐंशीला तू कॉलेजला निघालास, तेव्हा तुझी पेटी कोणी केली? झाकण आतून बघ, सोमवारच्या आत. अप्पांना लबाड छापणार असशील तर मला प्रत नको.

वेळेवर जेवत जा. राग चार दिवसांचा आहे, माया जन्माची.

तुझी,
आत्या

सोलापूर
९ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास, कृ. सा. न. वि. वि.

माझ्या पलंगाखालच्या पेटीत छत्तीस वर्षांच्या प्रश्नपत्रिका होत्या. ती पेटी मी मोजलीच नव्हती. झाकणाच्या आत खिळ्याच्या ठिपक्यांनी माझे नाव आणि १९७९ हे साल काढले आहे. घाव डाव्या हाताचे आहेत. छपाई थांबवली आहे. प्रकरणाचे शीर्षक आता ‘चन्नप्पा व शरणम्मा, पेट्यांचे कारागीर’ असे राहील. आधीचा निष्कर्ष माझा होता आणि तो चुकीचा होता, अशी तळटीपही राहील.

एक गोष्ट पुस्तकात घालणार नाही. ती आपणासच सांगतो. मोहोळला ती पेटी हाती घेताना मी अज्जीला म्हणालो होतो, की कोयंडा तिरका बसला आहे, कारागिराला तसे सांगावे. तिने कोयंडा नीट निरखला आणि सांगते म्हणाली. दिवाळीच्या सुट्टीत पेटी तिच्याकडे नेली होती. परतताना कोयंडा सरळ होता.

प्रत घेऊन स्वतः वळसंगला येतो. राग उरला असेल तर तो समोरच काढावा.

आपला,
गुरुराज