कढईतलं जुनं तेल

१६ जून
शेलूबाजारले आलो एकदाचे! उत्कर्षची बदली झाली आन् लगेच मलेही नोकरी लागली, हायवेवरच्या शेव-फरसाणाच्या कारखान्यात. फूड टेक्नॉलॉजी शिकलेली पहिलीच पोरगी म्हणे इथं. खोली हवेशीर, शेजार चांगला. मले चौथा महिना लागलाय, आन् डोहाळे कशाचे, तर शेवेचे! पॅकिंगमधल्या भागिरथाबाईनं पहिल्याच दिवशी ओळखलं. म्हणे मॅडम, पोटुशी बाईले मागितलं ते दिलं नाही तर लेकराची लाळ गळते. आता रोज पहिल्या घाण्याची गरम मूठ माझ्या टेबलावर.

२९ जून
तेल खवट होऊ नये म्हणून त्यात अँटिऑक्सिडंट पावडर टाकतात. त्यात वावगं काही नाही. किलोभर तेलाले दोनशे मिलिग्रॅमपर्यंत कायद्यानंच चालते. पण तळणारा भागवत कढई कधी रिकामीच करत नाही. म्हणे, विरजण कोणी फेकते काय? जुन्या तेलात थोडं नवं ओततो, आन् पावडर टाकतो ती अख्ख्या कढईच्या मापानं. दर वेळी! साचत जाते ती, असं समजावलं. तो हसला. म्हणे इतक्या वर्षांत एक पाकीट वापस नाही आलं, तुमचं पुस्तक शेव तळते काय मॅडम?
नमुना लॅबले पाठवला. शेव मात्र खाऊन राह्यली. भूकच तशी.

११ ऑगस्ट
रिपोर्ट आला. मर्यादेच्या कितीतरी पट. मालक हेमसिंगभाऊ म्हणे, नमुनाच चुकला तुमचा.
टेबलामागं जूनमधली शेव सांडलेली सापडली. आत्ता तळल्यासारखा वास. एक मुंगी नाही.
आन् एक आज ध्यानात आलं. इथं आल्यापासून मी नखं कापलीच नाहीत. वाढलीच नाहीत.

६ ऑक्टोबर
वाशीमले सोनोग्राफी. आठवा महिना पाहिजे. डॉक्टर म्हणे चौथा आहे, तारीख चुकली असंल. मी जूनमधल्या सोनोग्राफीचा रिपोर्ट दाखवला. लांबी तीच. वजन तेच. ठोके चांगले. डॉक्टरीणबाई मशीनच बंद-चालू करून पाहत होत्या.
सासूबाईचा फोन. पोट काहून दिसून नाही राह्यलं?

७ ऑक्टोबर
भागिरथाबाईपाशी रडली. तिचे केस पूर्ण पांढरे. तिनं माझा हात पदराखाली घेतला, आपल्या पोटावर ठेवला. हसत म्हणे, काहून रडता? कामाले लागली तवा मलेही चौथाच होता.
हाताखाली लाथ बसली.

८ ऑक्टोबर
शेव बंद. पक्की बंद. बाळ वाढलं पाहिजे, बस.

१० ऑक्टोबर
हलत नाही. सकाळपासून — इथल्या डॉक्टरनं ऐकलं, ठोका मंद, अकोल्याले न्या म्हणे, आत्ताच न्या —

१० ऑक्टोबर, दुपार
उत्कर्ष गाडी आणाले गेला. तेवढ्यात भागिरथाबाई आली, मूठ घेऊन. नको म्हटलं. ती म्हणे, तुमचे कुठं डोहाळे मॅडम — त्याचे आहेत.
एक घास खाल्ला. फक्त एक.
हललं!

हॉर्न वाजून राह्यला. पुन्हा थांबलं — खाल्लं तर वाढत नाही, नाही खाल्लं तर — अकोल्यापर्यंत तरी, रस्त्यापुरती — तिची मूठ उघडीच आहे — गरम आहे अजून — मी फक्त अकोल्यापर्यं