स्पीकर दुरुस्त झालाय, आप्पा

कंपनीची बस यायला दहा मिनिटं उरली होती, तरी तनुजाला वडिलांसाठीची चिठ्ठी पुरी करता येईना. आप्पा फिरायला गेले होते. समोर बसून हे सांगायचा धीर तिला नव्हता.

"आप्पा, सोसायटीच्या लाइटची न्यूट्रल वायर तुटली आणि व्होल्टेज वाढून तुमच्या भजनाच्या स्पीकरचं बोर्ड जळालं, त्याला महिना झाला. निगडीच्या मेकॅनिकने ते बदलून दिलं. तरी घूं आवाज येतोच म्हणून तुम्ही त्याच्याशी भांडलात. आपण केबल बदलली, दुसऱ्या खोलीत प्लग लावून पाहिला, हार्मोनियमचा माइक काढून पाहिला. काल मी विचारलं, 'आता?' तुम्ही डोळे मिटून म्हणालात, 'अजून हाय गं, तसाच.' तेव्हा प्लग माझ्या हातात होता, आप्पा. स्पीकर बंद होता.

मेकॅनिकला आता काही बोलू नका. पंचवीस वर्षं तुम्ही प्रेस शॉपमध्ये, पत्रा ठोकणाऱ्या मशीनच्या दणदणाटात काढलीत. एकदा कान तपासून घेऊ. गुरुवारी मी सुट्टी टाकलीय. भाकरी टोपलीत आहे, जेवून घ्या."

संध्याकाळी ती परतली तेव्हा आप्पा गॅलरीत पाठमोरे बसले होते. चिठ्ठी टेबलावरच होती आणि तिच्याखाली त्यांचं अक्षर होतं.

"मागल्या आठवड्यात लाइट गेली, तरी आवाज येतच होता. तवाच समजलं. पण स्पीकर बिघडलाय म्हणत होतो, तवर माझे कान चांगले होते. मेकॅनिकची माफी मागून आलो. गुरुवारी येतो."