नर्नाळ्यासाठी एक रविवार

सोम. १२ जाने.
कुंदाचा फोन. रिसोडच्या शाळेत एका वर्गातल्या आम्ही पाचजणी, रविवारी नर्नाळा किल्ला. जंगलातली पायवाट, खडी चढण. पहाटे पाचला जीप, संध्याकाळी परत. "तू येतं का नाही, इतकंच सांग." हो म्हणून टाकलं. सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्यांना, लकवा होऊन चार वर्षं. तेव्हापासून केनवडच्या बाहेर फक्त दवाखाना, तोही त्यांनाच घेऊन.

मंगळ. १३
नणंद मंदाताई शिरपूरहून येते म्हणाली, रविवारभर आईजवळ बसते. तीनदा विचारलं, नक्की ना?
सराव हवा. पण आत्यांची हाक ऐकू यायला पाहिजे, म्हणून गच्चीचाच जिना. वीस वेळा वर-खाली. आतून आत्या, एकेक शब्द ओढत : "काहून... धावून राह्यली वं?"
"वांदरं हाकलून राह्यली." खोटं.

बुध. १४
भाकरी, ठेचा, पाण्याच्या दोन बाटल्या. बूट कुंदा देणार, एक नंबर मोठे. चालतील.
हे पुण्यात कंपनीत. फोनवर सांगितलं. म्हणाले, "डोंगर काय पळून चालला काय? मी आल्यावर जाजो."
"तुमी आल्यावर तं भाकरीच थापत बसा लागते."
हे हसले. मी नाही.

शुक्र. १६
मंदाताई येत नाही. रविवारी त्यांच्या शेतात तूर काढायचं मशीन, मजुरांचा स्वयंपाक. "मी तरी काय करू वयनी?" तिचंही खरं.
जिन्यावर नुसती बसून राहिले. मनात एक घाण विचार आला, आत्या जर... नाही लिहीत.

शनि. १७
शेजारच्या वच्छलाकाकूंना विचारायला जीभ उचलेना. अंग पुसणं, कपडे बदलणं, परक्या बाईला कसं सांगावं. त्याच म्हणाल्या, "माह्या सासूचं सात वर्स केलं म्या. मले काय शिकवतं? जाय तू." तिथंच रडले.
आत्यांना अजून सांगितलं नाही. उद्या निघताना.

रवि. १८
काकू वेळेआधीच आल्या. मी आत्यांच्या उशाशी बसून सगळं सांगितलं. वाटलं, रडतील, नाहीतर शिव्या देतील. त्यांनी चालत्या हातानं माझं मनगट धरलं.
"लय... उंच हाये?"
"हो."
"मलेबी... ने."
काकूंनी तोंड भिंतीकडे केलं.
चार वर्षं या बाईचं सगळं केलं. कुठं जावंसं वाटतं का, हे एकदाही विचारलं नाही.
जीप चौकात आलीय. दोनदा हॉर्न झाला. कुंदाचा फोन वाजतोय. उजव्या हातानं हे लिहितेय, डावं मनगट अजून त्यांच्या मुठीत