तुझं निदान बरोबर निघालं

दादा,

तुझं निदान बरोबर निघालं, असं तू सगळ्या नातेवाइकांना कळवलंस म्हणे.

बाबांचा गुडघा टरटरून सुजला, अंगात ताप भरला, तेव्हा मी तुला फोन केला. तू दातांचा डॉक्टर, पण घरात तुझाच शब्द शेवटचा. "नेहमीचा गाऊट आहे. जुन्याच गोळ्या द्या, उगाच दवाखान्यात धावू नका," म्हणालास. ताप आहे म्हटलं, तर "गाऊटमध्ये येतो ताप" म्हणून फोन ठेवलास. मग बाबा कशाला ऐकतायत माझं?

ते बरळायला लागले, तेव्हा मी त्यांना उचलून दवाखान्यात नेलं. सुई घातल्यावर गुडघ्यातून पिवळा, दाट पू निघाला. तपासणीत गाऊटचे, म्हणजे युरिक ॲसिडचे, बारीक खडे सापडले आणि जंतूही सापडले, दोन्ही एकाच सांध्यात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गाऊट आहे म्हणून जंतू नसतील, असं कोणी सांगितलं?" मी तुझं नाव घेतलं नाही. रिपोर्ट तुला पाठवला, तर त्यातले तू खडे तेवढे वाचलेस.

आता तो पाय वाकत नाही. संडासला मी बसवते, मीच धुते. आणि बाबा आल्यागेल्याला सांगतात, "थोरल्याने फोनवरच ओळखलं होतं."

हे पत्र आजच टाकणार होते. पण मघाशी त्यांनी मला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाले, "पायाचं त्याला कळवू नकोस. आपलं चुकलं असं वाटेल त्याला."

म्हणजे त्यांना सगळं कळलंय, दादा.

तुझी,
धाकटी