हाकेचं भांडं

३ नोव्हेंबर
माफ कर, रोजनिशी. आई गेल्यापासून तुला हात लावला नाही. सवड नव्हती म्हणावं तर ते खोटं. अंगात त्राणच नव्हतं.
आज मात्र बातमी आहे. नोकरी लागली! खेळ बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत नियम लिहायचे. टेबलाभोवती बसून सगळ्यांनी व्हँपायर व्हायचं, फासे टाकायचे, असा खेळ. लेक म्हणते, चहाला उशीर झाला की मी तशीही व्हँपायरच असते.
पहिलं काम 'हाकेचं भांडं'. त्यात रक्ताचा थेंब टाकून हाक मारली, की मेलेलं माणूस बोलतं. साहेब म्हणाले, फुकटात शक्ती दिली की खेळाडू माजतात, किंमत लाव. स्वतःचा जीव द्यायला खेळाडू एका पायावर तयार असतात. म्हणून लिहिलं: किंमत हाक मारणाऱ्याच्या घरात झोपणाऱ्या दुसऱ्या माणसाने मोजायची. साहेब खूश.

९ नोव्हेंबर
कारागिराने केलेला नमुना वर्णन लिहायला घरी आणला. काळ्या मातीचा, ओंजळीएवढा. नियम पडताळायला बोटाला सुई टोचली. खरंच पडताळायला? नाही. आईसाठी.
आई बोलली. पहिला प्रश्न, दादा जेवला का. तिच्या आजारपणात माझा हा भाऊ एकदाही फिरकला नाही. औषधपाणी, अंथरूण-पांघरूण सगळं मी केलं. तरी चौकशी त्याचीच. हसू आलं, मग रडू.

१५ नोव्हेंबर
रोज हाक मारते. लेक जिन्यातच बसली आज, ओठ पांढरे. डॉक्टरांनी रक्त कमी म्हणून गोळ्या दिल्या. तिला घरातून हलवू नका म्हणाले. घरात आम्ही दोघीच. पण नियम खेळापुरता आहे ना? मीच तर लिहिलाय.

१९ नोव्हेंबर
हाक मारणं बंद केलं. आई बोलतेच आहे. हे थांबवायचं कसं, ते नियमात लिहिलंच नाही मी. साहेबांनीही विचारलं नाही. आता लिहून पाहिलं. उपयोग नाही. भांडं फोडलं. आता प्रत्येक तुकड्यातून —

२१ नोव्हेंबर
लेक डोळे उघडत नाही. श्वास चालू आहे. आई विचारते, दादा कधी येणार.
घरात झोपणारं दुसरं माणूस एकटी तीच, म्हणून सगळं तिच्यावर. आणखी कुणी असलं तर —
हे लेकीसाठी, की तो आला नाही म्हणून? ठाऊक नाही. दमले.
उद्या : दादाला चार दिवस राहायला बोलावणे, आईने आठवण काढली म्हणून —