अमेरिकेची पूड आणि भाभीचा चौविहार

वढवाण,
१० सप्टेंबर २००३

प्रिय सरयूबेन,
जय जिनेंद्र आणि अ. उ. आ.

तुझ्या निमेषने अमेरिकेहून पाठवलेल्या कॅप्सूल पोचल्या. भाचा मामीच्या डायबिटीसची एवढी काळजी करतो हे पाहून बरं वाटलं. त्याच्या आईने आजवर जामनगरच्या सुपारीपलीकडे काही पाठवलेलं नाही! डबीवर दालचिनी, कारलं आणि गुडमारची चित्रं आहेत. वरचं टरफल जनावराच्या हाडांपासून करतात, असं आमच्या सूनबाईने, फाल्गुनीने, डबी वाचून सांगितलं. म्हणून मी ते फोडून टाकून देते आणि आतली पूड संध्याकाळच्या जेवणात ताकात कालवून पिते. चव तुझ्या लग्नातल्या कढीसारखी.

डॉक्टर धोळकियांना हे सांगितलेलं नाही, तूही माझ्या केतनपाशी बोलू नकोस, तो लगेच डॉक्टरांना सांगेल. मागच्या खेपेला डॉक्टर म्हणाले की साखर अशीच राहिली तर इन्सुलिन सुरू करावं लागेल आणि मग झोपण्याआधी काहीतरी खावं लागेल. रात्री खायचं? मी लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून सूर्य मावळल्यावर माझ्या तोंडात पाण्याचा थेंबही गेलेला नाही. तुझे भाऊ गेले त्या संध्याकाळीसुद्धा नाही. बाकी सगळं या घराचं, मुलाबाळांचं. रात्री अन्नपाणी न घेण्याचा हा चौविहार तेवढा माझा एकटीचा आहे. तो गेला तर माझ्याजवळ काय उरलं?

म्हणून डॉक्टरांच्या गोळ्याही घेते आणि ही पूडही, एकाऐवजी दोन कॅप्सूलची. संध्याकाळी हात थरथरतात, घाम फुटतो, पण वय झालं, चालायचंच. उत्तर लवकर लिही.

तुझी,
जयवंतीभाभी


जामनगर,
१६ सप्टेंबर

ती. भाभीस,
जय जिनेंद्र. कृ. सा. न. वि. वि.

माझ्या लग्नातली कढी तुमच्याच माहेरच्या आचाऱ्याने केली होती, हे सोयीस्करपणे विसरलात वाटतं! असो. पत्र वाचून माझा जीव थाऱ्यावर नाही. थरथर आणि घाम हे वयाचं लक्षण नव्हे. आमच्या शेजारच्या हसुभाईंचंही असंच व्हायचं, तेव्हा त्यांची साखर पार खाली गेलेली असायची. ती चढते तशी उतरतेही, भाभी. गोळी तिला उतरवते आणि तुमची पूडही उतरवते. त्यात तुम्ही पाच वाजता जेवून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कोरड्या.

निमेषला फोनवर सांगितलं तर तो माझ्यावरच चिडला. डॉक्टरांना दाखवून मगच घ्या, असं त्याने चिठ्ठीत लिहिलं होतं म्हणे. ती चिठ्ठी तुम्ही टरफलांबरोबर टाकलीत का? उद्याच्या उद्या डबी घेऊन दवाखान्यात जा. नाहीतर मी तिकडे येईन, आणि मी आले की महिनाभर हलत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे.

तुमची माया आहे म्हणून एवढं बोलते.

सरयू


वढवाण,
२३ सप्टेंबर

पू. सरयूफोईबांना,
शि. सा. न. वि. वि.

घाबरू नका, बा आता ठीक आहेत. तुमचं पत्र त्यांनी वाचलं, हसल्या आणि उशीखाली ठेवून दिलं. परवा सूर्य मावळल्यावर मी त्यांच्याबरोबर साध्वीजींच्या उपाश्रयात प्रतिक्रमणाच्या प्रार्थनेला गेले होते. ते संपलं आणि बा उठताना आसनावरच कलंडल्या. अंग घामाने भिजलेलं, डोळे कुठेतरी लागलेले. मी शेजारच्या घरातून साखरपाणी आणलं तर त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. सगळ्या जणी विनवत होत्या. मी तर रडायलाच लागले. त्या मान हलवून नाही म्हणत होत्या, आणि मला दिसत होतं की त्या आमच्यासमोरून चालल्या आहेत.

तेव्हा साध्वीजी महाराज जवळ येऊन बसल्या. त्या शांतपणे म्हणाल्या की, जयवंतीबेन, रोज संध्याकाळी ज्या सूत्राने तुम्ही चौविहार घेता, त्याच सूत्रात सूटही मागता. जिवावरचं दुखणं आलं तर औषध घेतल्याने नियम मोडत नाही, असं तुम्ही स्वतःच्या तोंडाने इतकी वर्षं म्हणत आलात. आज मागितलेलं घ्या. बा त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी तोंड उघडलं.

डॉक्टर आले तेव्हा त्या बोलायला लागल्या होत्या. मी पुडीचं सगळं सांगून टाकलं. बा माझ्याशी अबोला धरून आहेत. तेवढं तुम्ही समजवा.

आपली,
फाल्गुनी


वढवाण,
१४ ऑक्टोबर

प्रिय सरयूबेन,
जय जिनेंद्र. अ. उ. आ.

फाल्गुनीशी अबोला चार दिवसही टिकला नाही. ती फार चांगलं मेथीचं थेपलं करते, काय करणार.

इतक्या वर्षांनी रात्रीचं पाणी प्याले. वाटलं होतं, आतून काहीतरी मोडेल. मोडलं काहीच नाही, उलट समोरच्या बायकांचे चेहरे पुन्हा दिसायला लागले. मला किती भीती वाटली होती ते तुलाच सांगते. मला अजून जगायचं आहे, सरयू.

दुसऱ्या दिवशी साध्वीजी महाराजांपाशी जाऊन प्रायश्चित्त मागितलं. रात्री पाणी प्याल्याची त्यांनी एक माळ जपायला सांगितली आणि डॉक्टरांपासून लपवल्याच्या पाच! मग डबी, गोळ्या, घरची मेथीची पूड, सगळं पिशवीत घालून दवाखान्यात गेले. डॉक्टर आधी रागावले. मग म्हणाले की पूड वाईट नाही, पण गोळीच्या जोडीला दुप्पट आणि चोरून घेतली तर घात करते. ती तूर्त बंद. मेथी जेवणातली चालेल. पण खरी गंमत पुढेच आहे. माझा चौविहार किती पक्का आहे ते मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. ते म्हणाले, आधी बोलला असतात तर ही गोळी मी दिलीच नसती. सूर्य मावळल्यावर न जेवणाऱ्यांसाठी दुसरी आहे. आता तीच घेते. काल साखर तपासली, चांगली आली. हात थरथरत नाहीत आणि चौविहारही चालू आहे.

आज महाराजांपाशी नवा नियम घेतला: जे तोंडात घालेन ते आधी डॉक्टरांना सांगेन. त्यांनी विचारलं, यात सूट कोणती ठेवायची? मी म्हटलं, एकही नको.

महिनाभर राहायला ये. आणि माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
जयवंतीभाभी