उघडं दार

मंगळवार, १६ जून २००९, वेंटवर्थव्हिल

साडेसात झाले. माझी रूममेट स्नेहल युनिव्हर्सिटीतून सहाला येते, अजून पत्ता नाही. परवाच स्टेशनबाहेर आपल्याकडच्या एका मुलाला बेदम मारलंय. फोन लावू का? धीर होत नाही.

सगळं त्या ग्वेन आजीमुळे. मी केअरर म्हणून तिची देखभाल करायला जाते. वेल्सच्या डोंगरातलं तिचं गाव पाटीच्या दगडाच्या खाणीवर जगायचं. अवेळी भोंगा वाजला, म्हणजे खाणीत अपघात झाला, की बायका दार उघडं टाकून उंबऱ्यात थांबायच्या. विचारायला कुणी जायचं नाही. विचारेल तिचाच माणूस गेलेला असतो, अशी समजूत. सकाळी मी हसले. म्हटलं, असं काही नसतं. आजी म्हणाली, "आईने एकदाच विचारलं."

दार मी मघाशीच उघडून ठेवलंय. इथली जूनमधली थंडी आत येतेय, फोन हातात आहे, आणि मी विचारत नाहीये.